बिनपगारी

‘‘आणि पगार?’’ अण्णांनी विचारले. पगार नाही, उलट राहण्या-जेवणाचा खर्च माझाच, असे सांगितल्यावर फोनवर बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, ‘‘म्हणजे आम्ही उगाचच संप केले म्हणायचे.’’

अण्णा माझे वडील. तरुणपणी ते कुर्डुवाडीला अडीच फुटी अरुंद मार्गावर फायरमन होते. हा मार्ग १८९७ साली सुरू झाला आणि १९५४ साली सरकारने तो ताब्यात घेतला, तरी आमच्याकडे त्याला शेवटपर्यंत ‘बार्शी लाइट’च म्हणत. अण्णांच्या उजव्या मनगटावर भाजल्याची खूण आहे, डाव्या कानाने त्यांना कमी ऐकू येते. घरात कोळशाविषयी कधी कौतुकाने बोलले गेल्याचे मला आठवत नाही. मी शिकावे, शिक्षिका व्हावे, यामागे त्यांची महत्त्वाकांक्षा किती आणि त्या फावड्याविषयीची चीड किती, हे मी कधी विचारले नाही.

जुनी हस्तलिखिते पाहण्याच्या निमित्ताने मी काही महिने वेल्समधील अ‍ॅबरिस्टविथ येथे होते. तिथून उत्तरेला, समुद्रकाठच्या टविन या गावातून टॅलिथ्लिन रेल्वे निघते. (वेल्श भाषेतील तो ‘ल’ मराठी जिभेला झेपत नाही, ‘थ्ल’ ही तडजोड आहे.) रुळांमधले अंतर जेमतेम सव्वादोन फूट. १८६०च्या दशकात डोंगरातील पाटीचा दगड समुद्राकडे आणण्यासाठी ती बांधली गेली. १९४६ साली खाण बंद पडली. मालक सर हेन्री हेडन जोन्स यांनी मात्र तोट्यात का होईना, हयात असेपर्यंत गाडी चालवली आणि १९५० साली ते गेले. रूळ गवतात बुडाले होते. मूळच्या दोन इंजिनांपैकी ‘टॅलिथ्लिन’ मोडून पडले होते आणि १८६६चे ‘डॉलगॉख’ कसेबसे चालत होते.

त्याच ऑक्टोबरात बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात एक सभा भरली. सभेमागे होता एल. टी. सी. रोल्ट, अभियंता आणि लेखक. आपल्याकडे हे दोन शब्द एका माणसाच्या नावापुढे क्वचितच येतात. कालव्यांवरच्या नावेतील दिवसांवर त्याने १९४४ साली ‘नॅरो बोट’ लिहिले आणि त्या पुस्तकाने इंग्लंडमधील मोडकळीला आलेल्या कालव्यांकडे लोकांचे लक्ष वळवले. आता त्याने रेल्वे हाती घेतली. १४ मे १९५१ रोजी स्वयंसेवकांनी चालवलेली पहिली गाडी टविनहून सुटली. शेजारच्या बंद पडलेल्या कॉरिस रेल्वेची दोन इंजिने प्रत्येकी पंचवीस पौंडांना विकत घेतली गेली. रुळांचे अंतर जुळणारी दुसरी इंजिने मिळणे जवळजवळ अशक्यच होते. १९५२ साली रेव्हरंड ऑड्री तिथे गार्ड म्हणून राबले; ‘थॉमस’ या इंजिनाच्या गोष्टी लिहिणारे तेच. पुढे त्यांच्या पुस्तकांत ही रेल्वे निराळ्या नावाने अवतरली.

माझ्या वाट्याला आले पुसण्याचे काम. नव्या माणसाला इंजिनाजवळ प्रथम चिंधी घेऊनच जाता येते. फावडे नंतर, आणि रेग्युलेटर कित्येक वर्षांनी. पहाटे शेडमध्ये पोचायचे, आदल्या दिवशीची राख उपसायची, पुढच्या धूरपेटीतील काजळी काढायची. मग लाकूड, तेलात भिजलेल्या चिंध्या, त्यावर बेताबेताने कोळसा. वाफ यायला काही तास लागतात आणि घाई केलेली चालत नाही, कारण तांबे आणि पोलाद एकाच मापाने फुगत नाहीत. बॉयलरचे सांधे त्या फरकाने ताणले जातात. मला शिकवणारे गृहस्थ निवृत्त गणितशिक्षक होते. त्यांनी मला एकच पितळी नळी तीनदा पुसायला लावली. चकाकीसाठी नव्हे, तर तेलकट धूळ गेल्याशिवाय चीर दिसत नाही म्हणून. संहिता तपासायला बसलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला मी याहून चांगला धडा देऊ शकले नसते.

तिथे एक प्रश्न मनात आला आणि तो अजून सुटलेला नाही. ‘टॅलिथ्लिन’ १९५८ साली नवा बॉयलर घेऊन परतले. ‘डॉलगॉख’ १९६३ साली, तेही नव्या बॉयलरने. मग १८६६चे असे त्यात काय उरले? एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा त्यांच्यापुढे असाच काहीसा पेच असणार, असे मला प्रथम वाटले. पण ही तुलना पुरती जमत नाही. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत नाकारलेला पाठ तळटीपेत जिवंत राहतो. गंजलेला बॉयलर मात्र भंगारात जातो. शिवाय संहिता शुद्ध केली म्हणून तिने डोंगर चढून दाखवावा, अशी अपेक्षा कोणी करत नाही. संग्रहालयात उभे केलेले इंजिन आपले मूळ धातू सांभाळते, पण त्याने चालणे सोडलेले असते. चालते ठेवलेले इंजिन दर फेरीला स्वतःला थोडे थोडे खर्चत असते. माझे मत दुसऱ्याकडे झुकते. कारण आग कशी पसरावी, पाणी केव्हा घ्यावे हे ज्ञान कुठल्याही पुस्तकात पूर्ण उतरत नाही, ते चालत्या इंजिनाशेजारीच एका हातातून दुसऱ्या हातात जाते.

हे लिहितानाच मनगटावरची ती खूण डोळ्यांपुढे येते आणि मी अडते. हौस म्हणून आठवडाभर राख उपसणे आणि पोटासाठी वर्षानुवर्षे उपसणे यांना एकच क्रियापद लावण्याचा मला अधिकार आहे का? त्या शेडमध्ये कष्टाला प्रतिष्ठा होती, कारण तिथला प्रत्येक जण केव्हाही घरी जाऊ शकत होता. (काही पगारी माणसेही होती, आणि चेष्टामस्करीत ती जरा कमी सामील होत, हे मी पाहिले.) अण्णा जाऊ शकत नव्हते. त्यांच्या हातातले ज्ञान मात्र तेच होते, आणि ते त्यांच्याकडून कोणी मागून घेतले नाही. मीसुद्धा नाही. मी त्यासाठी वेल्सला गेले.

शेवटच्या दिवशी पुन्हा फोन केला. गणितशिक्षकांनी काय काय शिकवले ते उत्साहाने सांगू लागले : राख, चिंध्या, कोळशाचा थर. अण्णा ऐकत होते. मध्येच तोडून म्हणाले,

‘‘आधी काचेतले पाणी बघितलेस का?’’

बघितले, मी म्हटले.

‘‘नुसते बघून भागत नाही. काचेची तोटी उघडून पाणी खाली सोडायचे, बंद करायची, आणि ते परत वर येते का बघायचे. नळी तुंबली असली तर काच खोटे पाणी दाखवते. मग लेड प्लग वितळतो आणि...’’ ते थांबले. ‘‘थांब, दुसऱ्या कानाला लावतो.’’

त्यानंतर चाळीस मिनिटे ते बोलत होते.