दोनशेची वीस

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. बसले आहे म्हणजे, बोलते आहे. फोनपुढे बोललं की तो मराठीत टाइप करतो आणि मग मी अक्षरं मोठी करून तपासते. सगळी नोकरी दुसऱ्यांच्या ऱ्हस्व-दीर्घावर लाल शाई फिरवण्यात गेली, त्यामुळे फोनच्या चुका जिवाला लागतात. राहिल्या असतील तर मंडळी, पोटात घाला.

माझ्या डोळ्यांचं नातेवाइकांना माहीत आहेच. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग, ज्याला मॅक्युला म्हणतात, तो वयोमानाने झिजतो. मला ते कळलं न्हाणीघरात. फरशांच्या सरळ रेघा मध्येच वाकलेल्या दिसू लागल्या. मी आधी गवंड्याला नावं ठेवली! मग एकेक डोळा झाकून पाहिलं, तर उजव्या डोळ्याला जास्त वाकड्या. डाव्यात 'कोरडा' प्रकार आणि उजव्यात 'ओला', म्हणजे तिथे नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या उगवून पाझरतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यासाठी डोळ्यात इंजेक्शनं घेते. (ऐकायला भयंकर वाटतं, पण आधी बधिर करतात.) फ्रिजवर चौकटी-चौकटींचा तक्ता लावला आहे. रोज सकाळी एकेका डोळ्याने तो पाहायचा, रेघा नव्याने वाकल्या तर लगेच दवाखाना गाठायचा.

यात ठार अंधार होत नाही. कडेचं दिसतं, मधलं पुसट होतं. समोरून येणाऱ्याची चप्पल दिसते, पिशवी दिसते, चेहरा तेवढा नाही. "बाईंना हल्ली फार गर्व झालाय," असं एका जुन्या विद्यार्थ्याचं म्हणणं कानावर आलं. असो.

स्वयंपाकघरात फार अडत नाही. पांढऱ्या ताटात पांढरा भात दिसत नाही, म्हणून गडद निळी ताटली आणली. पायरीच्या कडेला पिवळी पट्टी चिकटवली. दिवा समोर नको, खांद्यामागून हवा. एवढं केलं की चालतं.

अडलं ते पैशांपाशी. पाकिटातले पैसे कमी होत होते. महिनाभर हिशेब लागेना, कधी दोनशे कमी, कधी चारशे. घरात मी एकटी आणि धुणंभांड्याला येणारी ती. (नाव लिहीत नाही, तिची मुलगी कॉलेजात आहे, वाचेल.) एके दिवशी मी तिला म्हटलं, "अगं, पाकिटातले पैसे जातात कुठे, काही कळत नाही बाई." एवढंच. आवाज चढवला नाही, आळ घेतला नाही. पण शाळेत वर्गातली पेन्सिल हरवली की मी ज्या स्वरात बोलत असे, तोच स्वर होता. तिने हातातलं पातेलं विसळून पालथं घातलं आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्याही नाही.

चौथ्या दिवशी कोपऱ्यावर कोथिंबीर घेत होते. नेहमीची भाजीवाली नव्हती, तिची सून होती. म्हणाली, "काकू, ही वीसची नाही, दोनशेची दिलीत."

वीसची नोट हिरवट पिवळी, दोनशेची झगझगीत पिवळी. माझ्या डोळ्यांना दोन्ही पिवळ्या. नेहमीची भाजीवाली, फुलवाला, रिक्षावाले, किती जणांना मी अशा दोनशेच्या 'विसा' वाटल्या असतील कोण जाणे. त्यांच्याही लक्षात आलं होतं की नाही, ते आता विचारण्यात अर्थ नाही.

त्या संध्याकाळी पट्टी आणि मोठं भिंग घेऊन बसले. वीसची नोट 129 मिलिमीटर लांब, दोनशेची 146. हा फरक बोटांना कळतो. पण शंभर 142, दोनशे 146 आणि पाचशे 150, म्हणजे चार-चार मिलिमीटरचा खेळ! जुन्या शंभर-पाचशेत चांगला सेंटिमीटरभर फरक असायचा. शंभरच्या पुढच्या नोटांना कडेला उंचावलेल्या तिरक्या रेघा आहेत, शंभर आणि दोनशेला चार-चार, पाचशेला पाच. नोट कोरी असली तर हाताला लागतात, मळली की सपाट. रिझर्व्ह बँकेचं 'मनी' नावाचं ॲप 2020 साली आलं, नोट कॅमेऱ्यापुढे धरली की ते रक्कम बोलून दाखवतं. घरी फार सोयीचं, पण भाजीच्या गर्दीत कोण फोन काढतो? म्हणून आता घरीच घड्या घालते: शंभरची उभी घडी, दोनशेची चौघडी, सुट्या नोटा बिनघडीच्या, पाचशे वेगळ्या कप्प्यात.

घड्यांचं इतकं लिहिलं, कारण पुढचं लांबवत होते.

तिच्या घरी गेले. दारातच सगळं सांगितलं, चूक माझी होती म्हटलं. ती ऐकून घेत म्हणाली, "पैशाचं जाऊ द्या बाई. पण तवा बोलताना माझ्याकडं बघतबी नव्हता तुम्ही. भिंतीकडं बघून बोललात. आत्ताबी तसंच बोलताय."

मी तिच्याकडेच बघत होते. चेहरा दिसावा म्हणून नजर जरा बाजूला, तिच्या कानाच्या पलीकडे ठेवावी लागते. सरळ पाहिलं की चेहऱ्याच्या जागी धुरकट डाग. चार वर्षं घरात वावरणाऱ्या माणसाला मी हे सांगितलंच नव्हतं.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग दोन पावलं बाजूला सरकली. "आता दिसते का?"

"दिसतेस की. हिरवी साडी छान आहे."

"निळी आहे, बाई," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.