आधीच आलेल्या वॉर्निंग्ज

सर्व्हर पहाटे तीनला पडला की ऑफिसात सगळे म्हणतात, "अचानक पडला." मग लॉग उघडावा, तर दोन आठवडे वॉर्निंग्ज येतच असतात. वाचायला कुणी नसतं, एवढंच!

टाईप वन डायबेटिसचंही तसंच आहे मंडळी. माझ्या भाच्याला आठव्या वर्षी तो निघाला तेव्हा घरात प्रत्येकाच्या तोंडी 'अचानक' हाच शब्द. (आजीने चॉकलेटला दोष दिला, पण याचा गोड खाण्याशी संबंध नाही.) आपलीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर उलटते. हे काम महिनोन्‌महिने, कधी कधी वर्षानुवर्षं चालू असतं. तहान, सारखी लघवी, वजन घटणं हे सगळं शेवटी.

इथला लॉग असतो रक्तात. ऑटोअँटिबॉडीज नावाची प्रथिनं. मुख्य चार: एक खुद्द इन्सुलिनविरुद्धची, बाकीच्या जीएडी, आयए-टू आणि झिंक ट्रान्सपोर्टर-८ या बीटा पेशींतल्या प्रथिनांविरुद्धच्या. यातली शेवटची सापडायला २००७ उजाडलं. गंमत म्हणजे पेशी मारण्याचं काम मुख्यतः टी-पेशी करतात. अँटिबॉडीज फक्त वर्दी देतात. एकच सापडली तर बऱ्याचदा पुढे काही होत नाही. दोन किंवा जास्त असल्या की मात्र गोष्ट वेगळी. अमेरिका, फिनलंड आणि जर्मनीतल्या मुलांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा सुमारे ७० टक्के मुलांना दहा वर्षांत डायबेटिस झाला.

आता खरा प्रश्न. भाच्याला चार वर्षांची धाकटी बहीण आहे. भावंडांना धोका इतरांपेक्षा बराच जास्त. भावोजी म्हणाले, तपासून घेऊ. ताई म्हणाली, "कळून काय करणार? थांबवता येणारे का?"

थांबवता येत नाही, हे खरं. टेप्लिझुमॅब या औषधाला अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. चाचणीत त्याने आजार साधारण दोन वर्षं पुढे ढकलला. पण ते महागडं, आणि मंजुरी मिळाली तेव्हा आठ वर्षांपुढच्यांसाठीच होतं. मला पटणारं कारण साधं आहे. भाचा दवाखान्यात पोचला तो कीटोअॅसिडोसिसमध्ये, थेट आयसीयूत. अँटिबॉडीज आहेत हे आधी कळलं, तर घरचे साखरेवर लक्ष ठेवतात आणि अशी वेळ येण्याचं प्रमाण बरंच कमी होतं. इटलीने तर २०२३ साली मुलांच्या अशा तपासणीसाठी कायदाच केला.

हे सगळं मी ताईला सांगितलं आणि गप्प बसलो. निर्णय आईबापांचा.

महिन्याभराने त्यांनी टेस्ट केली. एक पॉझिटिव्ह आली. पुन्हा तपासलं, तरी एकच. म्हणजे ना हो, ना नाही. आता ठराविक काळाने पुन्हा रक्त द्यायचं.

ताई परवा फोनवर म्हणाली, "पोरीने पाणी मागितलं की पोटात गोळा येतो रे." मग जरा थांबून, "पण पुढची तारीख कॅलेंडरवर टाकलीये."