उलटे आजोबा

परवा मेणवलीच्या घाटावर कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली डोकं घातलं आणि आत चांदण्या दिसल्या. सकाळचे नऊ वाजलेले, ऊन पाठीवर, आणि माझ्या डोक्याभोवती सप्तर्षी धरून निदान तीसेक तारे. क्षणभर वाटलं, बीपी. मग उलगडा झाला. गणपतीत सोसायटीच्या पोरांनी चांद्रयानाचा देखावा केला होता. त्यांना मागे लावायला काळं आकाश हवं होतं, ते भाचीनं माझ्या कपाटातून काढून परस्पर देऊन टाकलं होतं. त्यावर चंदेरी कागदाच्या चांदण्या चुका मारून ठोकल्या होत्या. देखाव्याला पहिलं बक्षीस मिळालं. कापड नीट घडी घालून, भोकांसकट आणि धूप-कापराच्या वासासकट परत आलं.

"ताई, आत काय दिसतंय?" बाहेरून डॉक्टरांनी विचारलं.

"आकाशगंगा."

"मग आम्ही नाश्ता करून येतो. सावकाश होऊ द्या."

आम्ही चौघं. डॉक्टर दातांचे आहेत, इंजिनिअर साखर कारखान्यातून निवृत्त झालेत, सर कॉलेजात इतिहास शिकवायचे आणि मी बँकेत होते. चौघांकडेही चार बाय पाचचे कॅमेरे. म्हणजे एकेका फोटोला जवळजवळ पोस्टकार्डाएवढी फिल्म, कॅमेरा तिकाटण्यावर, आणि मागच्या घासलेल्या काचेवर सगळं जग खाली डोकं वर पाय. एका शीटच्या पैशांत वाईत दोन मिसळी येतात हा हिशेब इंजिनिअरांनी एकदा मांडला, आणि तेव्हापासून आमच्यात रुपये चालत नाहीत. शटर वाजलं की ते शांतपणे म्हणतात, "गेल्या दोन." डॉक्टर फिल्मपुढची पातळ झडप ओढायला विसरतात आणि नुसतंच शटर दाबतात, तेव्हा म्हणतात, "वाचल्या दोन."

डॉक्टरांची स्वतःची एक तऱ्हा आहे. कोणाच्या कॅमेऱ्याच्या भात्यातून उजेड गळतोय असा संशय आला की ते दवाखान्यातला छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन येतात, खोली अंधारी करतात, भात्याच्या घडीघडीतून आरसा फिरवतात आणि चेहरा गंभीर करून सांगतात, "कोपऱ्यात कीड आहे. दोन फिलिंग. पुढे दुर्लक्ष केलंत तर रूट कॅनाल." आणि खरोखरच काळा रंग आणि बारीक ब्रश घेऊन भोकं बुजवून देतात. फी म्हणून मिसळ. इंजिनिअरांची भक्ती शाइमफ्लुगवर. हा ऑस्ट्रियाच्या लष्करातला कॅप्टन. बलूनमधून काढलेले वाकडे फोटो सरळ कसे करायचे याच्या नादात त्यानं १९०४ साली पेटंट घेतलं: भिंग, फिल्म आणि समोरची जमीन, तिघांची पातळी एकाच रेषेत मिळवली की पायाजवळच्या गवतापासून डोंगरापर्यंत सगळं स्पष्ट येतं. त्याच्या आधी, १९०१ मध्ये, कार्पांतिये नावाच्या फ्रेंच माणसानं हेच सांगून ठेवलं होतं आणि शाइमफ्लुगनं ते कबूलही केलं होतं. तरी नाव राहिलं कॅप्टनचंच. इंजिनिअर हे नाव संध्या केल्यासारखं घेतात. डॉक्टरांच्या मते ते हिरड्यांना लावायच्या मलमाचं नाव आहे.

आणि कोणाला लाइट मीटर सापडला नाही की तिघंही एका सुरात ओरडतात, "चंद्र आठवा!" ही अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सची कृपा. १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाशेजारून गाडीनं जाताना त्याला उगवलेला चंद्र आणि कलत्या उन्हात उजळलेले थडग्यांवरचे क्रूस दिसले. घाईत मीटर सापडेना, तेव्हा चंद्राचं तेज चौरस फुटाला अडीचशे कँडल असतं हे आठवून त्यानं फोटो घेतला. दुसरा घेईपर्यंत ऊन गेलं. जगप्रसिद्ध गोष्ट आहे, फोटोही तसाच आहे, पण भर दुपारी खडकवासल्याला मीटर शोधत असताना ती ऐकून ऐकून माझं त्या माणसाशी वाकडं झालंय.

आमच्या सहलींचे शेकडो फोटो मोबाइलवर आहेत. त्यांपैकी एकातही मला डोकं नाही. तीन लाकडी पाय, दोन माझे, वर काळा ढीग. एका लेण्याच्या दारावर रखवालदारानं अडवलं, "स्टँड चालणार नाही." डॉक्टर म्हणाले, "स्टँड कुठाय? ताईंना पाच पाय आहेत." रखवालदार हसला. आत मात्र सोडलं नाही.

कापडाखाली माणसाला दिसतं उलटं, पण ऐकू येतं सुलटं. बाहेरच्यांना वाटतं, हिचं डोकं आत म्हणजे कानही आत. त्यामुळे टिंगल नेहमी आतल्याची चालते, तीही जरा मोठ्यानं. मी फोकसचं चाक फिरवत, भिंगातून घाटाच्या एकेका दगडाची कड बघत असते, आणि पाठीमागे माझ्या पेन्शनपासून माझ्या गुडघ्यांपर्यंत सगळ्याचा ऊहापोह चाललेला असतो. उत्तर द्यायचं तर आतूनच द्यावं लागतं, आणि ते बाहेर फार घुमून, देवळातल्या अंगात आलेल्या बाईसारखं येतं.

हे कापड साताऱ्यातल्या एका स्टुडिओतलं. १९६७ साल असावं, मी पहिलीत. आजोबा कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले, म्हणून आम्ही सगळे फोटो काढायला गेलो होतो. आजोबा मधल्या खुर्चीत, काठीवर दोन्ही हात. फोटोवाले भाऊ कापडाखालून बाहेर आले, म्हणाले, "आता कुणी हलायचं नाही." आणि आजी उठली. म्हणाली, "भाऊ, आत काय असतं ते मला बघू द्या." भाऊंनी कापड वर धरलं. आजी आत गेली. बाहेर राहिलं ते नऊवारीचा काष्टा आणि पायातली जोडवी. आजोबा हलायचं नाही म्हणून ताठ बसलेले, आणि कापड हलायला लागलं. आधी हळू, मग जोरात. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली, पदर सारखा केला, जागेवर बसली आणि कोणाकडेही न बघता म्हणाली, "बरे दिसतात असे."

तो फोटो माझ्याकडे आहे. हाफ प्लेट, कडा पिवळ्या पडलेल्या. आम्ही सगळे लख्ख आलोय, माझ्या परकराची जरसुद्धा मोजता येते. पुसट आलेत ते फक्त आजोबा. भाऊंनी रबरी फुगा दाबला त्याच सेकंदाला त्यांनी मान वळवली असणार. आजीकडे.

आत्या म्हणायची, आजी आत पोट धरून हसत होती, जन्मात तिला तसं हसताना पाहिलं नाही. आई म्हणते, कसलं हसू, कापडाला इतकी धूळ होती की ती शिंकत होती. या वादात मी आत्याच्या बाजूची.

भाऊंचा कॅमेरा वागीश्वरी होता. सागवानी, पितळी कोपऱ्यांचा. केरळातल्या आलप्पुळ्यात के. करुणाकरन यांच्या घरचं वाद्यदुरुस्तीचं दुकान होतं. तिथं एका फोटोग्राफरानं कॅमेऱ्याचा फाटलेला भाता दुरुस्तीला आणला. पेटीचा भाता करणाऱ्याला कॅमेऱ्याचा काय अवघड? पुढे १९४०च्या दशकात त्यांनी अख्खा कॅमेराच करायला घेतला आणि देशभरच्या स्टुडिओंमधून तो गेला. साताऱ्याचा स्टुडिओ बंद झाला तेव्हा भाऊंच्या मुलानं सामान काढलं. कॅमेरा आणि तिकाटणं जुन्या वस्तू घेणाऱ्यानं नेलं. कापडाला कोणी विचारलं नाही, ते मी मागून घेतलं. कॅमेऱ्याचा विचारही तेव्हा माझ्या डोक्यात नव्हता, तो निवृत्तीनंतर आला.

आणि आता पुण्यात ज्या नव्या हॉटेलात जावं तिथं कोपऱ्यात असं एक तिकाटणं उभं असतं, वर कॅमेऱ्याच्या जागी पिवळा बल्ब. एकात तर कॅमेराही होता, भात्याच्या पोटात दिवा घातलेला. इतक्या वर्षांत ज्याच्या आत उजेडाचा कण जाऊ नये म्हणून माणसं जिवाचं रान करत होती, त्याच्या पोटात चाळीस वॅट! तिथली कॉफी उत्तम असते म्हणतात. मी प्यायले नाही, पिणारही नाही.

सरांना इतिहास सांगायला वेळकाळ लागत नाही. मी चांदण्या मोजत होते तेव्हा ते डॉक्टरांना मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी सांगत होते. ती १८५४ सालची. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला आणि त्यातून हरिश्चंद्र चिंतामण तयार झाले, मुंबईतल्या पहिल्या धंदेवाईक देशी फोटोग्राफरांपैकी एक. पुढे ते मुंबईच्या आर्य समाजाचे अध्यक्ष झाले. १८७९ मध्ये थिऑसॉफीवाले कर्नल ऑल्कॉट आणि मॅडम ब्लाव्हाट्स्की मुंबईला उतरले ते यांच्याच आमंत्रणावरून. हार झाले, स्वागत झालं, आणि थोड्या दिवसांनी पाहुण्यांच्या हातात बिल पडलं. घरभाडं, जेवण, डागडुजी, स्वागतसभेला आणलेल्या तीनशे खुर्च्यांचं भाडं, आणि 'लवकर या' म्हणून हरिश्चंद्रांनी पाठवलेल्या तारेचा खर्चसुद्धा. ऑल्कॉटनी हे सगळं आठवणींत लिहून ठेवलंय.

"तीनशे खुर्च्या," डॉक्टर विचारात पडले. "म्हणजे मिसळी किती?"

मला आत दुसरंच सुचत होतं. त्या लोकांच्या काचा राहिल्या, प्रिंट राहिले, भांडणं राहिली, खुर्च्यांचा हिशेबही राहिला. कापडं कुठं गेली? कोणाच्या तरी घरी फाटेपर्यंत पायपुसणं झाली असतील.

गेल्या पावसाळ्याआधीची गोष्ट. पाचगणीच्या पठारावर मी कापडाखाली होते. इंजिनिअर आणि सर लांब गेलेले, मागे एकटे डॉक्टर. बराच वेळ काही टोमणा आला नाही. मग ते नेहमीच्याच आवाजात, जणू भात्याची कीड सांगावी तसं म्हणाले, "बायकोचा रिपोर्ट आला, ताई. गाठ आहे. ऑपरेशन ठरलंय." मी बाहेर यावं की नाही ते कळेना. आले असते तर त्यांना माझा चेहरा बघावा लागला असता आणि मला त्यांचा. मी आतूनच विचारलं, कुठं, कधी, सोबत कोण. त्यांनी सगळं सांगितलं. रात्री झोप लागत नाही, हेही. काचेवर समोरचा डोंगर केव्हाच स्पष्ट झाला होता. मी चाक फिरवून तो बिघडवत होते आणि पुन्हा जुळवत होते. इंजिनिअर परत आले आणि म्हणाले, "अजून एकही मिसळ गेली नाही?" डॉक्टर म्हणाले, "ताई अजून बाहेर आल्या नाहीत, मिसळ कुठून जाणार?"

ऑपरेशन झालं, केमो झाली. परवा मेणवलीला डॉक्टरांच्या मिसेस पहिल्यांदाच आमच्याबरोबर आल्या, डोक्याला सुती स्कार्फ, हातात थर्मास. नवरा एवढा पैसा कशात घालवतो ते बघायला आलेय, म्हणाल्या. मी डॉक्टरांना घंटेच्या देवळापाशी पायरीवर बसवलं, फोकस केला आणि बाईंना म्हटलं, "या, बघा." त्या आत गेल्या. मी भिंग हातात दिलं, काचेला टेकवून कसं बघायचं ते सांगितलं. इंजिनिअर डॉक्टरांना दम देत होते, "हलायचं नाही, दोन मिसळींचा प्रश्न आहे."

कापडातून घुमणारा आवाज आला, "अहो, शर्टाचं वरचं बटण खालच्या काजात घातलंय तुम्ही. सकाळपासून असेच फिरताय?"

डॉक्टरांनी खाली वाकून बघितलं. म्हणजे हलले. मग बटणं काढून नीट लावणं आलं, पुन्हा फोकस आला, तोवर ऊन पायरी सोडून पुढे सरकलं. कापडाखालून बाहेर यायला बाई तयार होईनात, आणि फिल्म गेली नाही तरी मिसळ कोणाकडून वसूल करायची यावर इंजिनिअर आणि सर यांचं जे जुंपलं ते वाईत हॉटेलात बसेपर्यंत मिटलं नव्हतं.