सोळा पायऱ्या आणि एक डोंगर

मॉरिशस म्हटले की समुद्रकाठचा बंगला, पांढरी वाळू आणि ऊन. आम्हीही आठ दिवस तसा बंगला घेतला. शामारेलची सातरंगी माती आणि पाम्प्लेमूसच्या बागेतील परातीएवढी कमळपाने पाहून मुले हरखली. पण वाचकहो, आम्ही दोन दिवस वेगळे राखून ठेवले होते.

पहिला दिवस पोर्ट लुईसच्या आप्रवासी घाटाचा. १८३४ पासून सुमारे पाच लाख भारतीय मजूर करारावर या बेटावर आले व बहुतेक उसाच्या मळ्यांत राबले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली आपली मराठी माणसेही होती. धक्क्यावरून वर येणाऱ्या दगडी पायऱ्या फक्त सोळा. आई त्यांच्यापाशी बराच वेळ उभी राहिली. म्हणाली, "पोटासाठी माणूस कुठवर जातो रे!"

दुसरा दिवस ल मोर्न डोंगराचा. मळ्यांतून पळालेले गुलाम याच्या कपारींत लपत. १८३५ साली गुलामगिरी संपल्याची खबर घेऊन शिपाई वर चढले. ते धरायलाच आले असे समजून अनेकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, असे तेथील लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. धाकटीने विचारले, "सुटले होते, तरी मेले?"

कायदा झाला, पण वर आलेल्या शिपायावर विश्वास कसा बसावा? त्याने आजवर फक्त बेड्याच आणल्या होत्या. हे तिला सांगताना आमचा गळा दाटला. मॉरिशसला जाल तर पोहा, हिंडा. पण ही दोन ठिकाणे मुलांना जरूर दाखवा.