अंबाझरीचा माळ

नागपुरात धरमपेठेच्या पश्चिमेला अंबाझरी तलाव आणि त्याला लागून वनविभागाचे जैवविविधता उद्यान. इथले खरे वैभव म्हणजे गवताळ माळ. पडीक समजून त्यावर सरसकट झाडे लावणे चुकीचेच. टिटवी, चंडोल असे पक्षी उघड्या गवतातच घरटी करतात. फाल्गुनात निष्पर्ण पळस फुलतो. काळसर, मखमली पुष्पकोशातून चोचीसारखी वाकलेली केशरी पाकळी बाहेर येते आणि मधासाठी शिंजीर, साळुंक्यांची झुंबड उडते.

उघड्यावरची कलाही तलावाकाठी आहे. सांडव्याजवळ स्वामी विवेकानंदांचा भव्य पुतळा उभारण्यात आला. अशा शिल्पाची जागा ठरवताना आधी पाण्याचा मार्ग तपासायला हवा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात तलावाखालच्या वस्त्या बुडाल्या आणि पुतळ्याच्या जागेचा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला.