डबीवर शून्य होतं

रविवारी माझं डोकं दुखायचं. शाळेच्या दिवशी क्वचित, रविवारी हटकून.

नांदेडला तरोड्याकडे आमचं घर आहे. न्हाणीघरात गॅसचा गिझर. शाळेच्या दिवशी मी दहा मिनिटांत अंघोळ उरकते. रविवारी मात्र केस धुणं, आठवड्याचे कपडे, सासूबाईंची लुगडी, सगळं दार लावून आतच चालायचं. वीस मिनिटांनी गिझर आपोआप बंद व्हायचा, मी नळ फिरवून पुन्हा चालू करायचे. डिसेंबरात थंडी वाढली तसा वरच्या झरोक्याला यांनी पुठ्ठा लावला होता. तास-सव्वातासाने बाहेर येईपर्यंत कपाळ ठणकायला लागायचं, मळमळायचं, पायांतलं त्राण जायचं. सासूबाई म्हणायच्या पित्त झालंय, आणि सुंठेचा लेप उगाळून द्यायच्या. डॉक्टरांनी अर्धशिशीच्या गोळ्या दिल्या. चष्म्याचा नंबरही तपासून झाला. मी कुणाला दोष देत नाही. कार्बन मोनॉक्साइड वायू अंगात गेला की लक्षणं पित्ताचीच दिसतात.

गिझरची शंका मला आली नव्हती असं नाही. गॅस गिझरने न्हाणीघरात माणूस गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. म्हणून तर नणंदेच्या मुलाने दोन वर्षांपूर्वी अमेरिकेहून येताना कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणला होता. पांढरी डबी, समोर आकड्यांची पट्टी. वाफेने बिघडते, न्हाणीघरात लावू नका, असं पुस्तिकेत लिहिलेलं. म्हणून बाहेर बोळात लावली. दर महिन्याच्या एक तारखेला मी तिचं बटण दाबायचे, ती कर्कश वाजायची आणि माझं समाधान व्हायचं. डोकं धरून बाहेर आले की पहिली नजर तिच्याकडे जायची. शून्य. कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर बोटाला लावला तर ९८. मग गिझरवर आळ कसा घ्यायचा?

संक्रांतीला धाकटा भाऊ आला. तो चंद्रपूरकडे जमिनीखालच्या कोळसा खाणीत कामाला आहे. खाणीत कोळसा आपोआप आतल्या आत तापायला लागतो. ज्वाळा दिसण्याच्या कितीतरी आधी तिथे हा वायू वाढतो, म्हणून हवेत त्याचे पाच-दहा पीपीएम, म्हणजे दहा लाखांत पाच-दहा भाग, वाढले तरी ही माणसं कारण शोधायला लागतात. छातीला अडकवायचं एक छोटं मीटर त्याने स्वतःसाठी विकत घेतलेलं आहे, ते बॅगेत असतंच. मला ओल्या केसांनी भिंतीला टेकून बसलेलं पाहिलं आणि त्याने काही न बोलता ते बाहेर काढलं.

दुपारी न्हाणीघरातल्या स्टुलावर मीटर ठेवून, नळ सोडून, त्याने दार लावून घेतलं. दर पाच मिनिटांनी दार किलकिलं करून बघायचा. १९. मग ४१. विसाव्या मिनिटाला ८६. त्याने गिझर बंद केला, पुठ्ठा ओढून काढला आणि मीटर घेऊन बोळात आला. डबीच्या अगदी खाली धरलं तर मीटरवर २४. डबीवर शून्य.

“बिघडली वाटतं,” मी म्हणाले.

“नाही ताई, चांगली आहे. तिला असंच बनवलंय.”

रात्री चष्मा लावून मी ती पुस्तिका पहिल्यांदा पूर्ण वाचली. अमेरिकेतल्या प्रमाणाप्रमाणे ही डबी ७० पीपीएमला लगेच वाजत नाही. एक तास ते चार तास एवढी मुभा तिला आहे. १५० ला १० ते ५० मिनिटं, ४०० ला ४ ते १५ मिनिटं. आणि ३० पीपीएम महिनाभर राहिले तरी तिने वाजता कामा नये, असा नियमच आहे. आमच्या डबीची पट्टी ३० च्या खालचा आकडा दाखवतही नाही, तिथे शून्यच लिहिते. भारताच्या २००९ च्या हवेच्या मानकांत आठ तासांची सरासरी घनमीटरला २ मिलिग्रॅम धरली आहे, म्हणजे जेमतेम पावणेदोन पीपीएम. एकीकडे पावणेदोन, दुसरीकडे तीस. या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात आमचा बोळ दोन वर्षं होता.

असं का केलं, हेही नंतर समजलं. १९९४ साली शिकागो शहरात असे अलार्म सक्तीचे झाले. त्या हिवाळ्यात शहरावरची हवा कोंडली, बाहेरच्या प्रदूषणानेच डब्या वाजू लागल्या आणि अग्निशमन दलाकडे फोनची रीघ लागली. उगाच वाजणारी डबी लोक काढून फेकतात, म्हणून नियम सैल झाले. त्यांचं म्हणणं मला पटतं. धडधाकट माणूस बेशुद्ध पडायच्या आत घराबाहेर पडावा, एवढ्याचसाठी ती डबी आहे, आणि ते काम ती करते. पण सासूबाईंचं हृदय अधू आहे, शेजारणीची सून पोटुशी होती. त्यांच्यासाठी ती नाही, हे खोक्यावर मोठ्या अक्षरांत कुठेच नव्हतं. एक तारखेचं ते बटणसुद्धा बॅटरी आणि भोंगा तपासतं. आतला सेन्सर जिवंत आहे की नाही हे त्याने कळत नाही, आणि सेन्सर तर पाच-दहा वर्षांत म्हातारा होतो.

ऑक्सिमीटरचंही तसंच. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो आणि रक्त लालच ठेवतो. बोटातून उजेड टाकून बघणाऱ्या यंत्राला तो प्राणवायूच वाटतो.

मिस्त्रीने गिझर उघडला तेव्हा आतल्या जाळीवर बोटभर काजळी होती, ज्योत निळीऐवजी पिवळी. साफ करून तो मागच्या उघड्या गॅलरीत नेला. आत फक्त पाण्याचा पाइप येतो. डबी काढली नाही, ती तिच्या कामाला आहेच. शिवाय भावाकडून एक पीपीएमपासून आकडा दाखवणारं मीटर मागवलं. पुढच्या रविवारी लुगडी धुऊन झाली तेव्हा त्यावर शून्य होतं, खरं शून्य. त्यानंतरच्या रविवारीही माझं डोकं दुखलं नाही.

माझं माहेर लातूरचं. तिथे अंगणात तांब्याचा बंब असायचा, तुराट्यांवर पेटवलेला. डोळे चुरचुरायचे, आम्ही खोकत लांब पळायचो. धूर दिसायचा म्हणून पळता यायचं. बाळंतिणीच्या खोलीत मात्र शेगडी न्यायची ती निखारे लालबुंद होऊन धूर संपल्यावर. धूर नाही म्हणजे बाधणार नाही, असा बायकांचा समज. निखाऱ्यांतून तर हाच वायू सगळ्यात जास्त येतो, आणि त्याला ना रंग ना वास.

फेब्रुवारीत शेजारची सून बाळंत झाली. मी बघायला गेले तर दारं-खिडक्या लावलेल्या, बाजेखाली शेगडी, बाळाला शेक चाललेला. मी पिशवीतून मीटर काढलं. दहा मिनिटांत ५२.

“आमच्या चार पिढ्या अशाच शेकल्या,” तिची सासू म्हणाली.

“खरं आहे, काकू. बाळंतपणात सवा महिना माझंही डोकं जड असायचं, तुमचं?”

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग स्वतःच चिमट्याने शेगडीचा कान धरला आणि ती ओसरीवर नेली. सुनेला म्हणाल्या, “खिडकी उघड. फडकी तापवून आणते मी बाहेरून.”