मशीन टाका सोडतं तेव्हा

बाबांची सुट्टी गुरुवारी असायची. विजेच्या वाटपामुळे पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना गुरुवार बंद, त्यामुळे संत तुकाराम नगरातल्या आमच्या घरात रविवारचं काही कौतुक नव्हतं. आई आठवडाभराच्या तक्रारी गुरुवारसाठी राखून ठेवायची. उन्हाळ्यात, गोधड्यांच्या दिवसांत, त्यातली पहिली ठरलेली: "मशीन टाका सोडतंय हो, तेवढं बघा."

मशीन काळं, पायानं चालवायचं. गोधडीला वरून-खालून आजीची सुती लुगडी आणि मधे बाबांचे कंपनीतले जुने गणवेश. बटणं काढली, खिसे उसवले, तरी त्या जाड ड्रिलच्या शिवणी काही सपाट व्हायच्या नाहीत. लुगड्यावरून सरसर जाणारी टीप शिवणीपाशी आली की मशीन अडखळायचं, दोन-तीन टाके गाळायचं आणि कधी 'टक्' करून सुईच मोडायचं. आई लगेच दोऱ्याच्या ताणाचा स्क्रू पिळायला घ्यायची.

बाबा फिटर. त्यांचा नियम उलटा होता: स्क्रूला हात सगळ्यात शेवटी. आधी सुई बदलायची. हातसुईचं नेढं मागे असतं, मशीनच्या सुईचं टोकाजवळ. सुई खाली जाऊन जराशी वर आली की नेढ्याशी दोऱ्याचा एक फास सुटतो आणि शटलची चोच तो उचलते. जाड शिवणीवर सुई केसभर जरी वाकली, तरी चोच रिकामीच फिरते आणि टाका गळतो. म्हणून ड्रिल आलं की चौदा नंबरची सुई काढून सोळाची, कधी अठराची. मग दोरा पहिल्यापासून ओवायचा. मग शटल काढून रॉकेलमध्ये धुवायचं. पट्टी उचलली की दात्यांखाली जुन्या लुगड्यांची लव नमद्यासारखी दाबून बसलेली सापडायची. एवढं झाल्यावर बहुतेक वेळा स्क्रूची पाळी येतच नसे.

त्यांचं आणखी एक सांगणं होतं: खाली गुंता दिसला की वर बघ. कापडाच्या पाठीवर दोऱ्याचा गोळा झाला की आपण बॉबिनला बोल लावतो. खरं तर वरचा दोरा ताणाच्या चकत्यांत बसलेला नसतो, नाहीतर फूट खाली सोडायचं राहिलेलं असतं. आमच्या घरी आणखी एक कारण होतं, ते म्हणजे मी. पायडल उलटं मारलं की चाक मागे फिरायचं, दोरा तुटायचा आणि पाठीत धपाटा बसायचा.

आता माझ्याकडे विजेचं मशीन आहे. उलटं फिरत नाही, पट्टा निसटत नाही, आणि दुरुस्तीसाठी गुरुवारची वाट बघायला नको. फोनवर व्हिडिओ लावला की कुणीतरी दोरा ओवून दाखवतं. 6 मार्च 2022 पासून आमच्या नगराच्या नावाचं मेट्रो स्टेशनही झालंय. टाके मात्र अजून गळतात, फक्त कारणं बदलली. आता ड्रिलही नाही आणि सुती लुगडंही नाही. वर सिंथेटिक साडी, आत विकतची पॉलिएस्टरची फुगीर गादी. खालचे दाते खालचं कापड ओढतात, वरचं फुटाखाली मागे रेंगाळतं आणि शेवटाला चुण्या जमतात. आजी हातानं शिवताना कडेपासून आत यायची, कारण हातसुई कापड ढकलत नाही. मशीनवर मी आधी कच्चा दोरा घालते, मधून कडेकडे जाते, टाका तीन मिलिमीटरच्या पुढे ठेवते. वॉकिंग फुटाला स्वतःचे दाते असल्यामुळे वरचं कापडही बरोबर चालतं. हे आईला मिळालं असतं तर तिची कमर वाचली असती.

म्हणून मशीन अडलं की मला घरातल्या कपड्यांचा हिशेब दिसतो. त्या काळी ते पहिल्या पिढीच्या कामगाराच्या ड्रिलवर अडायचं, आज निसरड्या साडीवर अडतं. आणि गेल्या महिन्यात तर टी-शर्टवर अडलं. मुलगा चाकणला कामाला आहे, त्याला कंपनीतून होजिअरीचे टी-शर्ट मिळतात. जुने झालेले चार मी गोधडीत घातले आणि मधोमध बाबांच्या गणवेशाचा जपून ठेवलेला एक तुकडा. ताणणाऱ्या होजिअरीवर साधी सुई फास नीट सोडत नाही, तिला गोल टोकाची सुई लागते. ती लावल्यावर टी-शर्टवरून टीप सुरेख गेली, पण बाबांच्या तुकड्याच्या शिवणीवर मशीन पुन्हा 'टक्' करून थांबलं.

मुलगा म्हणाला, "आई, टेन्शन वाढव ना." त्याचा हात स्क्रूपर्यंत पोचलाही होता. मी तो बाजूला केला आणि डबीतली सोळा नंबरची सुई काढली.